कोकणातील परसातले खुराडे: पावसाळ्यात कोरडे, उन्हाळ्यात सावलीचे

कोकण किनारपट्टीवर वर्षाकाठी साधारण २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. त्याआधीचे तीन महिने समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेत ऊन तापत असते. परसात आठ-दहा गावठी कोंबड्या पाळणाऱ्या घराला या दोन काळांसाठी दोन आवारे बांधणे परवडत नाही, त्यामुळे एकाच आवाराने मे महिन्यात सावली आणि जुलै महिन्यात कोरडी जमीन द्यावी लागते. अडचण अशी की या दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. दाट सावलीत जमीन वाळत नाही, आणि पाऊस अडवण्यासाठी चहूबाजूंनी बंद केलेल्या जागेत हवा कोंडते. म्हणून या लेखातील प्रत्येक सूचना दोनच गोष्टींकडे पाहून केलेली आहे: पाणी आत आल्यावर टिपत बसण्यापेक्षा ते बाहेरच वळवावे, आणि सावली अशी करावी की तिच्याखालून वारा वाहता राहील.

राजापूर तालुक्यातील आमच्या परड्यात मी पहिले आवार आंब्याच्या जुन्या, दाट झाडाखाली, मागच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकून बांधले होते. मे महिन्यात ती जागा घरापेक्षा थंड होती. पाऊस सुरू झाल्यावर वरच्या अंगाचे पाणी गडग्यातून झिरपून थेट आत येऊ लागले, आणि सर उघडली तरी झाड पुढे तासभर ठिबकत राही. जून संपण्याआधी महिन्याभराच्या चौदा पिल्लांपैकी नऊ पिल्ले रक्ती हगवणीने गेली. या रोगाचे, म्हणजे कॉक्सिडिओसिसचे, सूक्ष्म कोश (ऊसिस्ट) विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा ते रोग पसरवण्याजोगे नसतात. ऊब, ओलावा आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ते तसे होतात. ऊब आणि हवा आपण काढून घेऊ शकत नाही. ओलावा मात्र काढून घेता येतो, आणि म्हणूनच कोरडी जमीन हा या रोगावरचा पहिला उपाय आहे. औषध त्यानंतर येते.

जागा आणि दिशा

आवारासाठी परड्यातील सर्वांत उंच जागा निवडावी, मग ती विहिरीपासून किंवा मागील दारापासून थोडी लांब पडली तरी चालेल. जागा ठरवण्याआधी शक्य असल्यास एक पावसाळा तिच्याकडे नुसते पाहावे. मोठी सर पडत असताना इरले किंवा छत्री घेऊन बाहेर जावे आणि पाणी कोठून येते, कोठे थांबते आणि कोठून निघून जाते हे बघावे. अर्ध्या तासाचे हे निरीक्षण नंतरचे बरेच कष्ट वाचवते. कातळावर पाणी मुरतच नाही, ते वरून पसरत जाते. लाल मातीच्या उतारावर ते वेगाने वाहते आणि माती घेऊन येते. मळ्याच्या सखल जमिनीत ते खालून वर चढते. पुळणीजवळच्या वालुकामय जमिनीत मात्र ते पटकन जिरते. आपली जमीन यांपैकी कोणती आहे त्यावर पुढचे सगळे काम अवलंबून असते. सखल मळ्यात दुसरी जागाच नसेल, तर जमिनीवर आवार करण्याचा हट्ट सोडावा आणि खांबांवर उचललेले खुराडे बांधावे.

आवार लांबट असावे आणि त्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. याचे दोन फायदे आहेत. पावसाळ्यातील वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पावसाच्या माऱ्याला फक्त अरुंद बाजू मिळते; आणि दुपारी कलणारे ऊनही त्याच अरुंद बाजूवर येते. परतीचा पाऊस मात्र दुपारनंतर घाटाच्या बाजूने, म्हणजे पूर्वेकडून, विजांसह येतो. पूर्वेची बाजू सप्टेंबरअखेर बेसावध ठेवणाऱ्याचे भूस, म्हणजे कोंबड्यांखालचे अंथरूण, चार महिने कोरडे राहून शेवटच्या आठवड्यात भिजते, हे मी एकापेक्षा अधिक घरी पाहिलेले आहे.

आकाराबाबत थोडक्यात सांगायचे तर रात्रीच्या निवाऱ्यात प्रत्येक कोंबडीमागे किमान दोन चौरस फूट आणि दिवसा फिरण्याच्या आवारात आठ ते दहा चौरस फूट जागा द्यावी. जागा याहून कमी केली तर विष्ठेचाच ओलावा इतका होतो की बाहेरच्या पाण्याची गरज उरत नाही.

पाणी बाहेरच वळवणे

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद छपरावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि आपल्याकडे असे दिवस दर पावसाळ्यात येतात, तर १२०० लिटर पाणी पागोळ्यांतून खाली येते. हे पाणी आवाराच्या पायाशी पडू दिले तर ते आत मुरणारच. म्हणून छपराच्या उतरत्या बाजूला पन्हळ लावावे. पोफळीचा सोट मधोमध चिरून, आतला गाभा काढून केलेले पन्हळ दोन-तीन पावसाळे टिकते. पीव्हीसी पाइप उभा कापून केलेले त्याहून अधिक टिकते. पन्हळाचे तोंड आवारापासून दूर, शक्यतो माडाच्या किंवा केळीच्या आळ्याकडे न्यावे. पन्हळ लावणे जमत नसेल तर पागोळ्या पडतात त्या ओळीत चिऱ्याचे (जांभा दगडाचे) तुकडे आणि गोटे पसरावेत, म्हणजे माती उसळून जाळीतून आत उडणार नाही.

वरच्या अंगाला, आवारापासून तीनेक फूट अंतरावर, अर्धचंद्राकृती चर खणावा. एक फूट रुंद आणि एक फूट खोल चर आठ-दहा कोंबड्यांच्या आवाराला पुरतो, मात्र त्याची दोन्ही टोके आवाराच्या खालच्या अंगापलीकडे गेलेली असावीत. अर्ध्यावर संपणारा चर पाणी वळवत नाही, ते एका जागी आणून सोडतो. चरात पातेरा (गळलेला पालापाचोळा) साचतो आणि तुंबलेल्या चरावरून पाणी नेमके सर्वांत मोठ्या सरीच्या वेळी आत येते, म्हणून आठवड्यातून एकदा फावडे फिरवावे. परड्यात पडलेल्या करवंट्या, फुटके डबे आणि जुने टायर याच वेळी उपडे करावेत किंवा उचलावेत. त्यांत साचलेल्या पाण्यात डास होतात, आणि कोंबड्यांचा देवी रोग डासांच्या चावण्यातूनही पसरतो.

जमीन

आवाराची जमीन भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान सहा इंच उंच असावी. उताराच्या जागी नऊ इंच ते एक फूट चांगले. प्रथम कडेने चिऱ्याचा एक किंवा दोन थरांचा बांध घालावा. हा बांध पावसाचे शिंतोडे अडवतो आणि मुंगुसाला किंवा घुशीला खालून उकरून आत येण्यास आडकाठी करतो. मात्र जांभा हा सच्छिद्र दगड असल्याने तो पाणी शोषतो आणि वर चढवतो, त्यामुळे बांधाला आतून भूस थेट टेकवून ठेवू नये. चार बोटांची मोकळी पट्टी सोडावी. आतील जमिनीला दर दहा फुटांमागे सुमारे तीन इंच उतार द्यावा आणि खालच्या टोकाच्या बांधात दोन-तीन भोके ठेवून त्यांना बारीक जाळी लावावी. चुकून आत आलेल्या पाण्याला बाहेर जाण्याची वाट नसेल तर तोच बांध आवाराचे तळे करतो.

बांधाच्या आत खाली चिऱ्याचे तुकडे आणि फुटकी कौले यांचा चार-पाच इंचांचा थर द्यावा, त्यावर मुरूम टाकून पाणी शिंपावे आणि खळे करताना चोपतो तशी जमीन चोपून घ्यावी. सिमेंटचा कोबा करण्याचा मोह अनेकांना होतो. रात्रीच्या निवाऱ्यात तो उपयोगी आहे, कारण धुता येतो. फिरण्याच्या आवारात मात्र तो कोंबड्यांना उकरू देत नाही, कठीण पृष्ठभागाने त्यांच्या तळपायांना गाठी येऊ शकतात आणि वर पडलेला ओलावा खाली जिरत नाही. किनाऱ्यावरची वाळू आणून टाकू नये. तिच्यातील मीठ हवेतला दमटपणा ओढून घेते आणि कोंबड्या ती टिपून खातात.

हे काम आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याच्या, अगोदर, एप्रिलमध्ये करावे. मे महिन्याच्या अखेरीस चोपलेल्या जमिनीला वाळण्यास वेळ मिळत नाही आणि पहिल्याच पावसात तिचा चिखल होतो.

छप्पर

मंगळुरी कौलांचे छप्पर आपल्या हवेला सर्वांत मानवते. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि योग्य उतार असेल तर पाणी आत येत नाही. जुन्या घराची उतरवलेली कौले स्वस्तात मिळतात. ज्या गावांत माकडांचा त्रास आहे तेथे मात्र कौले फुटतात, आणि मग नाइलाजाने पत्रा येतो. पत्रा टिकतो, पाणी अडवतो, पण एप्रिल-मे महिन्यांत त्याच्याखाली उभे राहवत नाही. त्यावर माडाची विणलेली झापे पसरून सुंभाने बांधली तर बराच फरक पडतो. पावसाआधी ती आठवणीने उतरवावीत, कारण ओली झापे पत्र्यावर पडून राहिली की पत्रा गंजतो आणि सोसाट्याच्या वाऱ्यात झापेच प्रथम उडतात. सिमेंटच्या पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात मारला तरी ऊन परतते. पावसाने तो धुऊन जातो तेव्हा त्याची गरजही संपलेली असते. लोखंडी पत्र्याला चुना लावू नये, ओला चुना त्यावरचा जस्ताचा लेप खातो.

छपराची उंची कमी ठेवणे ही सर्वत्र दिसणारी चूक आहे. वरची बाजू किमान सात-आठ फूट आणि खालची बाजू पाच-साडेपाच फूट असावी, म्हणजे माणसाला फार न वाकता झाडलोट करता येते आणि तापलेली हवा कोंबड्यांच्या डोक्यापासून दूर राहते. पावळी, म्हणजे छपराची पुढे आलेली कड, चारही बाजूंनी दोन फूट आणि पश्चिमेला तीन फूट बाहेर काढावी. उंच छपराखाली पाऊस तिरपा आत येतो हे खरे, पण त्यावरचा उपाय आडोसा हा आहे. छप्पर खाली आणणे नव्हे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत जी छपरे उडवली, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगत गेले, त्यानंतर छपराच्या वजनावर विसंबून राहणे योग्य नाही. वासे खांबांना पट्टीने किंवा जाड तारेने आवळावेत आणि खांब किमान दोन फूट खोल गाडावेत. खाऱ्या हवेत साधी तार दोन वर्षांत खिळखिळी होते, त्यामुळे जाळी, खिळे आणि तार हे सगळे जस्ताचा लेप असलेलेच घ्यावे आणि दर आगोटीला हाताने ओढून पाहावे.

सावली

कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि तिला घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडून धापा टाकणे आणि पंख शरीरापासून दूर धरणे एवढेच तिच्या हाती असते. धापेतून बाहेर पडणारी वाफ हवेने उचलून घेतली तरच शरीर थंड होते. किनाऱ्यावरची दमट हवा ती फारशी उचलत नाही. म्हणूनच देशावर ३६ अंशांत बऱ्या राहणाऱ्या कोंबड्या आपल्याकडे ३३ अंशांतही धापा टाकताना दिसतात. याच कारणाने आवाराच्या आत पाणी शिंपडण्याचा उपाय येथे फारसा उपयोगी नाही. तो हवा आणखी दमट करतो आणि भूस भिजवतो. पाणी मारायचेच असेल तर ते छपरावर टाकलेल्या गोणपाटावर मारावे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर तो किंचित उत्तरेकडून जातो. त्या दिवसांत दक्षिणेच्या झाडाची सावली भर दुपारी आवारावर पडत नाही. बाराची काळजी छपराने घ्यायची आणि दोन ते पाचची काळजी पश्चिमेच्या झाडाने, अशी वाटणी करावी. झाड आवारापासून दहा-बारा फुटांवर असावे, म्हणजे सावली पोहोचते आणि ठिबकणारे पाणी पोहोचत नाही. पावसाआधी त्याच्या खालच्या फांद्या छाटून बुंध्याशी वारा मोकळा करावा. माडाखाली किंवा फणसाखाली आवार कधीही करू नये, पडलेला नारळ पत्रा फोडतो आणि कोंबडी मारतो.

झाड नसेल तर पश्चिमेला बांबूचा मांडव उभारून त्यावर तोंडलीचा वेल चढवावा. तोंडली एकदा लागली की वर्षानुवर्षे राहते आणि उन्हाळ्यात थोड्या पाण्यावर हिरवी असते. वेलाच्या बुंध्याला चिऱ्यांचे कोंडाळे करावे, नाहीतर कोंबड्या आठवड्यात मुळे उकरतात. पडवळ आणि दोडका पावसाळ्यात मांडव भरतात खरे, पण तेव्हा सावलीची निकड नसते आणि उलट वारा अडतो. ते वेल आवारापासून दूर लावावेत. हिरवी शेडनेट उन्हासाठी चांगली आहे, तिच्यातून पाऊस मात्र आत येतो हे लक्षात ठेवावे.

आडोसा आणि वारा

पावसाळा लागला की बहुतेक घरी निळे प्लॅस्टिक आणून आवार चारही बाजूंनी गुंडाळले जाते. हेतू मायेचा असतो, परिणाम वाईट होतो. आतली वाफ बाहेर जात नाही, विष्ठेतून अमोनिया सुटतो, कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात आणि श्वासाचे विकार सुरू होतात. आडोसा फक्त पश्चिम आणि दक्षिण बाजूंना, जमिनीपासून चार फुटांपर्यंत करावा आणि पावळीखालची किमान एक फुटाची पट्टी सर्व बाजूंनी जाळी लावून उघडी ठेवावी. आडोशासाठी झापे किंवा बांबूच्या कामट्यांचा कूड वापरल्यास पावसाचा जोर मोडतो आणि हवा झिरपत राहते. ताडपत्री वापरायचीच असेल तर ती वर गुंडाळता येईल अशी बांधावी, झड आली की सोडावी आणि उघडीप मिळाली की वर करावी.

हवा पुरेशी आहे की नाही हे पाहण्यासाठी सकाळी दार उघडताच आत उकिडवे बसावे आणि कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन श्वास घ्यावा. उभ्याने वास कळत नाही. डोळ्यांना झोंबले तर त्याच दिवशी एक बाजू मोकळी करावी.

भूस आणि रोजची निगा

भाताचे तूस हे आपल्याकडचे सर्वांत चांगले अंथरूण आहे, ते हलके असते आणि लवकर वाळते. दहा फूट बाय आठ फूट जागेत चार इंचांचा थर देण्यास साधारण सात-आठ गोणी तूस लागते. पावसाळ्यात एकदा तरी सगळे बदलावे लागेल असे धरून दुप्पट साठा एप्रिलमध्येच गिरणीतून आणून पडवीत किंवा माळ्यावर ठेवावा. जुलैमध्ये मिळणारे तूस बहुधा दमट असते. जोडीला आंबा-काजूचा वाळका पातेरा गोणींत भरून ठेवावा. आंब्याच्या पेट्यांतला उरलेला पेंढा कोरडा असेल तर चालतो, पण त्यावर बुरशीची पांढरी किंवा हिरवट छटा दिसली तर तो आत नेऊ नये, कारण बुरशीचे कण कोंबड्यांच्या फुप्फुसात रोग करतात. सोडणांचा (नारळाच्या सालींचा) बारीक भुसा पाणी फार धरून ठेवतो, म्हणून तो एकटा वापरू नये.

भूस मुठीत घट्ट दाबून पाहावे. मूठ उघडताच ते सुटे झाले तर ठीक. गोळा राहिला तर जास्त ओले आहे. आणि धुरळा उडाला तर जास्त कोरडे आहे. दर दिवसाआड ते दाताळ्याने खालवर करावे आणि भिजलेला भाग तेवढाच उचलून बाहेर टाकावा. भुसात चुना मिसळण्याची पद्धत आहे, तिच्याबाबत सावध असावे: विष्ठेत चुना मिसळला की अमोनिया अधिक सुटतो. चुना भूस पूर्ण काढल्यावर रिकाम्या जमिनीवर पातळ भुरभुरावा, कोंबड्या बाहेर ठेवाव्यात आणि नंतर नवे भूस घालावे.

आतील ओलाव्याचा सर्वांत मोठा उगम पाऊस नसून पाण्याचे भांडे असते. भांडे कोंबडीच्या पाठीच्या उंचीला, चिऱ्यावर ठेवावे आणि त्याखाली कामट्यांची जाळीदार चौकट ठेवावी, म्हणजे सांडलेले पाणी भुसात न जाता खालच्या गोट्यांत जाते. साधारण दिवसात कोंबडी पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुपटीपर्यंत. मे महिन्यात मातीच्या परळात, सावलीत आणि दुपारी एकदा बदलून पाणी द्यावे.

धुळीची अंघोळ पावसाळ्यातही हवी. छपराखालच्या कोपऱ्यात चार चिऱ्यांचा चौकोन करून त्यात वाळलेली माती आणि चुलीची राख घालावी. राख भिजली की तिचे क्षारयुक्त पाणी कातडीला भाजते, म्हणून तो कोपरा आवारातील सर्वांत कोरडा असावा.

रात्री कोंबड्या जमिनीवर बसू नयेत. दोन-अडीच फुटांवर बांबूची किंवा पोफळीच्या रिपांची दांडी द्यावी आणि पिल्लांसाठी कामट्यांचा माच करावा, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि पाय कोरडे राहतात. दाणा आवारात रात्रभर ठेवू नये. तो दमटतो, त्याला बुरशी येते आणि उंदीर येतात. उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा रोग पसरतो आणि तो झाडलोट करणाऱ्या माणसालाही होतो, म्हणून पावसाळ्यात ओले भूस काढताना पायात बूट घालावेत आणि हाताला जखम असल्यास हे काम दुसऱ्याला सांगावे.

घाटाकडचा परतीचा पाऊस थांबला की पश्चिमेचा आणि दक्षिणेचा आडोसा काढावा, सगळे भूस बाहेर काढून माडांच्या आळ्यांजवळ कुजवण्यासाठी ढीग करावा आणि रिकाम्या जमिनीला ऑक्टोबरचे तीन-चार दिवस कडक ऊन द्यावे. त्याच दिवसांत बांधाची भोके मोकळी करावीत, गंजलेली जाळी बदलावी आणि जेथे भुसाखाली काळी, चिकट माती सापडेल तेथे खूण करून ठेवावी. पाणी त्याच जागेतून आत आलेले असते आणि पुढच्या एप्रिलमध्ये मुरूम प्रथम तेथेच घालायचा असतो.